खाणीचा इन्स्पेक्टर आणि घणसोलीच्या घराचा हप्ता

पत्र: माझा मुलगा ३३ वर्षांचा. नागपूरच्या व्हीएनआयटीतून मायनिंग इंजिनीअर झाला. गेली नऊ वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात एका सरकारी कोळसा कंपनीत आहे. फर्स्ट क्लास मॅनेजरची परीक्षाही पास झालाय. आता म्हणतो, खाण सुरक्षा महासंचालनालयात उपसंचालकाच्या जागा निघाल्या की यूपीएससीचा फॉर्म भरणार, म्हणजे खाणींचा इन्स्पेक्टर होणार. आम्ही गेल्या वर्षी त्याच्या पगारावर घणसोलीत टू बीएचके घेतला, हप्ता ५२,०००. सून ऐरोलीत शाळेत शिकवते, नात चार वर्षांची, दोघी माझ्याजवळच असतात. कंपनीचा पगार, क्वार्टर, वर्षाचा बोनस सोडून कमी पगाराच्या जागी कोण जातं? आणि इन्स्पेक्टर म्हटलं की आमच्या चाळीत लोक सरळ पाकिटाचं विचारतात. तुम्ही त्याला समजवा. तो तुमचं सदर वाचतो.
– एक आई, कळवा

ताई,

तुमच्या पत्रातला ५२,००० हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. मुलाच्या पगाराचा, पाकिटाचा, घराचा प्रश्न तुम्ही वेगवेगळा लिहिलाय. मला तो एकच दिसतो, आणि त्याची गाठ या हप्त्यात आहे. तुमच्या मुलाला नको म्हणून समजावणं मला जमणार नाही. का, ते सांगतो. त्याने जायचं तर घरात आधी काय आवरायला हवं, तेही सांगतो.

मी स्वतः खाणीत काम केलेलं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात २७ वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. म्हणजे इन्स्पेक्टर येतो तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जो बसतो, तो मी. काही इन्स्पेक्टर माझ्या केबिनमध्येच बसून रजिस्टर चाळायचे, सही करायचे, निघायचे. २००७ च्या ऑगस्टमध्ये एक आले ते मात्र सेकंड शिफ्टला, न कळवता, पावसात राबाळे स्टेशनवरून चालत. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, हातात छत्री. मी रजिस्टर पुढे केलं. ते म्हणाले, "ते नंतर. सॉल्व्हंट स्टोअरचा गॅस अलार्म वाजवून दाखवा." टेस्ट गॅसचा छोटा सिलिंडर आणला, सेन्सरवर सोडला. काहीच झालं नाही. परत सोडला. शेजारी उभा असलेला ऑपरेटर हळूच म्हणाला, "साहेब, चार महिने झाले, तो बंदच आहे."

रजिस्टरमध्ये दर सोमवारी "चाचणी घेतली, ठीक" असं लिहिलेलं होतं. खाली माझी सही.

ते ओरडले नाहीत. खिशातून डायरी काढून वेळ लिहिली, ऑपरेटरचं नाव विचारून लिहिलं, आणि अलार्म दुरुस्त होईपर्यंत टँकर खाली करायचे नाहीत असं लेखी दिलं. माझ्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना सांभाळून घ्या." मी चहाचं विचारलं. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. स्टेशनपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विचारलंच, एवढा ताठपणा झेपतो कसा? ते म्हणाले, "मी अजून भाड्याच्या घरात राहतो. डोक्यावर हप्ता घेतला नाही. सही करताना बरं पडतं."

अलार्म सहा दिवसांत दुरुस्त झाला. त्यामुळे कोणाचा जीव वाचला का, ते कधीच कळणार नाही. पण त्यानंतर न तपासता मी एकही सही केली नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या आणि मग २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले तेव्हा दोन्ही वेळा मला ती दुमडलेली पँट आठवली.

आता तुमच्या मुलाच्या खाणीकडे येतो.

वणीजवळ एका भूमिगत खाणीत माझा एक मित्र ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर देखरेख करणारा होता. त्याच्यामुळे एकदा खाली गेलो. कॅप लॅम्पच्या उजेडात डोक्यावरचं काळं छत, ते धरून ठेवायला मधूनमधून ठोकलेले रूफ बोल्ट, एका बाजूला लाकडी टेकू. मायनिंग सरदाराच्या, म्हणजे खाली सुरक्षा तपासणाऱ्या माणसाच्या हातात लांब दांडा होता. तो छतावर ठोकत पुढे जायचा. ठणठणीत आवाज आला की पुढे. एका जागी आवाज ढबढब आला, आतून पोकळ ढोल वाजावा तसा. सरदार थांबला, सगळ्यांना मागे घेतलं, खडूने खूण केली. तो आवाज ऐकायला पुस्तक उपयोगी पडत नाही. म्हणूनच खाणीचा इन्स्पेक्टर कॉलेजातून सरळ उचलून नेमत नाहीत. पदवी हवी, खाणीतला अनुभव हवा, फर्स्ट क्लास मॅनेजरचं प्रमाणपत्र हवं. ते मिळवायला गॅस टेस्टिंगचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, खाली घालवलेल्या शिफ्टचा हिशोब लागतो. तुमच्या मुलाने हे सगळं नऊ वर्षांत कमावलंय. देशात ही कमाई असलेली माणसं थोडी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कंपन्या जास्त पगार देऊन धरून ठेवतात, आणि निरीक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात. संसदेत यावर वेळोवेळी प्रश्न आले आहेत.

खाण सुरक्षा महासंचालनालय हे खातं जुनं आहे. १९०१ च्या खाण कायद्यानंतर ७ जानेवारी १९०२ ला कलकत्त्यात ते सुरू झालं, १९०८ मध्ये धनबादला गेलं, आजही मुख्यालय तिथेच आहे. पश्चिम विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. राष्ट्रीयीकरणानंतर देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारच्याच झाल्या. त्या कोळसा मंत्रालयाच्या हाताखाली. त्यांची तपासणी करणारा हा इन्स्पेक्टर मात्र श्रम मंत्रालयाचा. म्हणजे सरकारच्या एका हाताने काढलेल्या कोळशाला सरकारच्याच दुसऱ्या हाताने "थांब" म्हणायचं. खासगी मालकाला थांबवण्यापेक्षा हे अवघड आहे. वीज लागते, टार्गेट असतं, वरून फोन असतो. त्यामुळे त्या दुसऱ्या हाताला पहिल्याहून कमी पगार देणं मला साफ चुकीचं वाटतं. तुमची तक्रार तिथे रास्त आहे, ताई. मात्र ती मुलाकडे करायची नाही, दिल्लीकडे करायची आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मोठं काम आहे ते? २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळा खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतून, म्हणजे खोदून सोडून दिलेल्या भागांतून, पाणी फुटून आत आलं. ३७५ माणसं गेली. २००१ च्या फेब्रुवारीत बागडिगी खाणीत पुन्हा तसंच, जुन्या कामांतलं पाणी, २९ माणसं. जुन्या पाण्यापासून ६० मीटरच्या आत खोदायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ती याच खात्याकडून. म्हणजे इन्स्पेक्टरचं अर्धं काम खाली दांडा ठोकण्याचं असेल, तर अर्धं टेबलावर नकाशा पाहून "जुनी कामं खरोखर इथेच संपतात का?" हा प्रश्न विचारण्याचं. नकाशा चुकीचा असला आणि त्यावर सही झाली, तर पाण्याला सही वाचता येत नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा ७१ माणसं अडकली होती. त्यांतल्या ६५ जणांना खाण अभियंता जसवंतसिंग गिल यांनी बोअरहोलमधून लोखंडी कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढलं, स्वतः खाली उतरून. त्या सुटकेची गोष्ट आपण आनंदाने सांगतो, सांगायलाच हवी. इन्स्पेक्टरच्या वाट्याला अशी गोष्ट येत नाही. त्याने काम नीट केलं तर काहीच घडत नाही. तुमच्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा. कौतुकाची सवय असलेल्या माणसाला ही नोकरी सोसत नाही.

आणि हे सगळं कळव्यापासून लांब आहे असंही समजू नका. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज साडेसातशे किलोमीटर लांबीच्या एका खास उच्चदाब वाहिनीने थेट आपल्या ठाणे जिल्ह्यात, पडघ्याला येते. १९९९ च्या सुमारास ती लाइन चालू झाली. तुमच्या चाळीतल्या पंख्याला लागणाऱ्या विजेचा काही भाग तुमच्या मुलाच्या बाजूच्या खाणीतून आलेला असू शकतो.

चाळीतल्या पाकिटाच्या प्रश्नाबद्दल. लोक विचारतात कारण त्यांनी तसं पाहिलंय. मीही पाहिलंय. सगळे तसे नसतात, हे म्हणून तुमचं समाधान होणार नाही. माझा अनुभव असा की माणूस लोभापायी क्वचित मोडतो. बहुतेक वेळा मोडतो तो महिन्याच्या पाच तारखेला कापल्या जाणाऱ्या हप्त्यापायी. पगार कमी झालाय, हप्ता तोच आहे, शाळेची फी आलीय, आणि समोरचा माणूस फक्त एवढंच म्हणतो, "साहेब, रिपोर्टमध्ये ही ओळ जरा सौम्य करा." पाकिटाची गोष्टही निघत नाही पहिल्या वेळेला. म्हणून मुलाचं इमान शाबूत राहावं असं वाटत असेल तर फॉर्म भरण्याआधी घणसोलीच्या घराचा हिशोब बसवा. हे काम त्याचं एकट्याचं नाही, तुमचं आणि सुनेचंही आहे.

आता पैशाचं नीट पाहू. नुसता मूळ पगार समोरासमोर ठेवू नका. आज तो कंपनीच्या ई-५ श्रेणीत असेल तर श्रेणी ८०,००० ते २,२०,०००. जाहिरातीत स्तर ११ असेल तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ६७,७०० ते २,०८,७००. पाहिल्यावर पोटात गोळा येतो. पण दोन्हीकडे महागाई भत्ता वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे भत्ता मिळवल्याशिवाय तुलना होत नाही. दुसरं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: सार्वजनिक उपक्रमातला माणूस यूपीएससीच्या मुलाखतीतून केंद्र सरकारात आला, तर त्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता शक्यतो राखून नवा पगार ठरवण्याची तरतूद १९८९ पासून आहे. यासाठी कंपनीकडे रीतसर अर्ज करून, प्रॉपर चॅनलने, ना-हरकत घेऊन जावं लागतं. कंपनीला अंधारात ठेवून फॉर्म भरला आणि निवड झाल्यावर राजीनामा फेकला, तर हा फायदा हातचा जातो. घाईत हीच चूक होते.

जे राखलं जाणार नाही, तेही स्पष्ट करून घ्या. मूळ पगाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत मिळणारे कंपनीचे भत्ते, वर्षाला मिळणारा कामगिरीचा पैसा, कॉलनीतलं क्वार्टर. हे जाईल. मुलाला गेल्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक घेऊन बसवा, आणि या तीन गोष्टी वजा करून महिन्याला हातात काय पडेल ते कागदावर काढा. तो आकडा आल्यावर हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिसला, तर फॉर्म भरण्याआधी कर्ज हलकं करा. यंदाचा कामगिरीचा पैसा सगळा कर्जात भरा. बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का विचारा. आणि ताई, हे लिहिताना मला जड जातंय, पण ताबा मिळाला की घणसोलीचा फ्लॅट चार-पाच वर्षं भाड्याने द्या. राबाळे, महापेच्या कंपन्यांतली मंडळी भाडेकरू म्हणून मिळतील. नव्या घरात राहायला जायची तुमची हौस मला कळते, चाळीत आयुष्य काढल्यावर ती असणारच. तरीही सुनेला कळव्याहून ऐरोली लांब नाही, आणि नात आजीजवळ आहेच.

बदल्यांचं थोडक्यात. धनबाद, राणीगंज, हैदराबाद, कुठेही नेमणूक होऊ शकते, आणि कोळशाशिवाय धातूच्या खाणी किंवा तेलक्षेत्रही वाट्याला येऊ शकतं. नागपूर मिळालं तर विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. धनबाद मिळालं तर कल्याणहून एक दिवसाच्या वर प्रवास. पण तो आजही घरापासून दूरच राहतो, त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणणार नाही. सुनेचं मन मात्र स्वतंत्रपणे विचारा, तुमच्यासमोर नव्हे.

तयारीबद्दल त्याच्यासाठी दोन शब्द, कारण तो वाचतोय.

बाळ, भूमिगत खाणीची तुझी बैठक पक्की आहे. पण आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे उघड्या खाणींतून निघतो. २०१६ च्या २९ डिसेंबरला झारखंडमध्ये लालमटियाच्या उघड्या खाणीत ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा ढिगारा सरकला आणि २३ माणसं गेली. तिथे मरण डोक्यावरच्या छतातून आलं नाही, उतारावरून आलं. उताराची स्थिरता, डंपच्या, म्हणजे अशा ढिगाऱ्याच्या, पायथ्याचं पाणी, हॉल रोडवर, म्हणजे माल वाहण्याच्या रस्त्यावर, डंपरची न दिसणारी मागची बाजू, हे सगळं इन्स्पेक्टरला तुझ्या भूमिगत खाणीतल्या ज्वालाग्राही गॅसच्या १.२५ टक्क्यांच्या मर्यादेइतकंच तोंडपाठ हवं. सहा महिने तुझ्याच कंपनीतल्या ओपनकास्टमध्ये काम मागून घे.

कायदा दोन्ही वाच. १९५२ चा खाण कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झालीय, आणि तुझ्या पदाचं नाव आता इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर आहे. मला त्या नावातला उत्तरार्ध काळजीत टाकतो. सुविधा करून देणाऱ्याला "नाही" म्हणायची सवय राहील का? मुलाखतीत हा प्रश्न तुला विचारला जाऊ शकतो, स्वतःचं उत्तर तयार ठेव. जुन्या कायद्याचं २२ वं कलम जरूर वाच. धोका दिसला तर माणसं बाहेर काढण्याचा हुकूम त्यात होता, आणि त्या काळाचं पूर्ण वेतन कामगाराला द्यायची जबाबदारी मालकावर होती. खाण थांबवल्यावर कामगारच "साहेब, पोटावर पाय देऊ नका" म्हणत समोर उभा राहतो, तेव्हा त्याला काय सांगायचं ते त्या कलमात आहे.

आणि लिहायला शीक. कागदावर काय उतरवायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत, पण एखादं प्रकरण उद्या कोर्टात गेलं तर वकील तुझी प्रत्येक ओळ उलटी करून पाहणार. "व्यवस्था समाधानकारक नव्हती" असं लिहू नकोस. किती वाजता, कोणत्या गॅलरीत, कोणत्या टेकूपासून किती अंतरावर, कोण बरोबर होतं, काय मोजलं. माझ्या कारखान्यात त्या माणसाने अलार्मची वेळ मिनिटासकट लिहिली होती, म्हणून माझ्या साहेबांना पळवाट सापडली नाही.

ताई, जाहिरात निघाल्यावर घाई होते. यूपीएससीकडे अर्ज जास्त आले तर अनुभवावरून छाननी करतात किंवा लेखी चाचणी घेतात, त्यामुळे अनुभवाची प्रमाणपत्रं अर्जाच्या नमुन्यात, तारखांसकट, कंपनीच्या सहीशिक्क्याने आत्तापासून काढून ठेवायला सांगा. वयाची अट जाहिरातीत बघा, या जागा दर वर्षी निघतीलच असं नाही. ना-हरकतीसाठी विचारणा याच महिन्यात करू दे.

शेवटची गोष्ट छोटी आहे, पण राहून जाते. जुन्या खाण कायद्यात स्पष्ट अट होती की ज्याचा कुठल्याही खाणीत प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने हितसंबंध आहे, तो निरीक्षक होऊ शकत नाही. त्याच्या, सुनेच्या किंवा तुमच्या डीमॅट खात्यात कोळसा किंवा खाण कंपनीचे शेअर असतील तर ते आत्ताच विकून टाका, आणि आलेला पैसा त्या ५२,००० हप्त्याच्या कर्जात भरा.